जुनी जपानी मोटोक्रॉस गाडी: पारखावी कशी, राखावी कशी

नागपूरच्या जरीपटका, इंदोरा, नारा रोड या भागात यामाहाची आरएक्स 100 अजून रोज रस्त्यावर दिसते. तिचा आवाज ओळखणारे कान घरोघरी आहेत आणि तिचे इंजिन उघडून बसवणारे मेकॅनिकही अजून हाताशी आहेत. त्यामुळे टू-स्ट्रोकची ओळख इथल्या वाचकाला नव्याने करून द्यायची गरज नाही. मात्र या आवडीतूनच कधीतरी पुढचा प्रश्न समोर येतो. कुणीतरी सांगते, अमक्याकडे जुनी जपानी मोटोक्रॉस पडून आहे, घेता का? तेव्हा काय पाहायचे, काय विचारायचे, कुठे थांबायचे, याची नीट माहिती नसते. पैसे जातात आणि पुष्कळदा गाडीही हकनाक बिघडते.

हा लेख त्यासाठी आहे. सगळ्या सल्ल्यांचे सार आधीच सांगतो. शर्यतीच्या जुन्या गाडीची किंमत तिच्या खरेपणात असते, चकाकीत नसते. तिच्यावरची प्रत्येक मूळ वस्तू, प्रत्येक खूण आणि प्रत्येक कागद हा तिच्या शर्यतींचा पुरावा आहे. तो जपला तर ती वारसा ठरते. पुसला, तर रंगवलेले लोखंड उरते.

मोटोक्रॉस म्हणजे नेमकी कोणती गाडी

मोटोक्रॉस ही मातीच्या बंदिस्त मार्गावरची शर्यत. चढ, उतार, उड्या, चिखल, आणि सगळे स्वार एकाच वेळी सुटणार. त्या एकाच कामासाठी कारखान्यातून निघालेली गाडी म्हणजे मोटोक्रॉस. तिला हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर, स्पीडोमीटर, यातले काहीही नसते. जुन्या गाड्यांत बॅटरीही नसते, ठिणगी थेट मॅग्नेटोवरून मिळते. उंच मडगार्ड, रुंद हँडल, बटणांचे टायर आणि पोट फुगलेला एक्स्पान्शन चेंबर ही तिची ओळख.

याच कंपन्यांनी दिसायला तशाच, पण दिवे आणि नंबरप्लेट असलेल्या ट्रेल गाड्याही काढल्या. यामाहाची 1968 ची डीटी-1 किंवा होंडाची एमटी 250 या त्या जातीच्या. मोटोक्रॉस म्हणून ट्रेल गाडी विकणे ही या बाजारातली नेहमीची गफलत. आणि तिसरा प्रकार आपल्याकडचा: आरएक्स 100 किंवा शोगनचे मडगार्ड उचलून, सीट बदलून केलेली ‘डर्ट बाइक’. तिलाही स्वतःचे मोल असू शकते, पण ती जपानी मोटोक्रॉस नव्हे. दाम ठरवण्याआधी समोरची गाडी या तिघींपैकी कोण, एवढे पक्के करा.

वारसा कुठून आला

साठच्या दशकात मोटोक्रॉसवर युरोपचे राज्य होते. सुझुकीने त्याला धक्का दिला. बेल्जियमचा जोएल रोबेर 1970 मध्ये सुझुकीवर बसला आणि 250 सीसी गटाचे जगज्जेतेपद पहिल्यांदा जपानी गाडीला मिळाले. 1971 आणि 1972 मध्येही त्यानेच ते राखले. 500 सीसीत रॉजर डी कोस्टरने सुझुकीवर 1971 ते 1973 आणि पुन्हा 1975 व 1976 असे पाच किताब जिंकले. या गाड्यांची मुख्य ताकद होती हलकेपणा.

1973 साली दोन गोष्टी घडल्या. यामाहाने मागच्या दोन शॉकअपच्या जागी टाकीखाली एकच लांब शॉकअप बसवला. बेल्जियमच्या ल्युसियां टिल्केन्स यांची ती कल्पना, आणि त्या गाडीवर स्वीडनचा हाकन अँडरसन 250 सीसीचा जगज्जेता झाला. त्याच वर्षी, फोर-स्ट्रोकवर श्रद्धा असलेल्या होंडाने आपली टू-स्ट्रोक मोटोक्रॉस, सीआर 250 एम एल्सिनोर, बाजारात आणली. कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोरच्या प्रसिद्ध शर्यतीवरून हे नाव आले. एअर-कूल्ड 248 सीसीचे एक सिलिंडर, पाच गिअर, ॲल्युमिनियमची टाकी आणि शंभर किलोच्या आत वजन. गॅरी जोन्सने त्या वर्षी तिच्यावर अमेरिकेची 250 सीसी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. दुकानातून घेतलेली गाडी थेट शर्यतीत उतरवता येते, हे तिने सामान्य स्वाराला दाखवून दिले. पुढे 1978 मध्ये अकिरा वातानाबे सुझुकीवर 125 सीसीचा जगज्जेता झाला. मोटोक्रॉसचा तो पहिला जपानी विश्वविजेता.

हा वारसा आपल्यापासून फार दूर नाही. यामाहाने 1972 च्या सुमारास आपल्या टू-स्ट्रोक गाड्यांत रीड व्हॉल्व्ह आणला. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मध्ये बसवलेल्या या पातळ पाकळ्या मिश्रणाला आत जाऊ देतात, मागे फिरू देत नाहीत. त्यामुळे कमी वेगातही इंजिन जोर धरते. 1985 मध्ये एस्कॉर्ट्सने भारतात आणलेल्या आरएक्स 100 मध्ये हीच रचना आहे. ती गाडी 1996 पर्यंत निघत राहिली आणि तिने व टीव्हीएस-सुझुकीच्या शोगनने आपल्याकडच्या कितीतरी स्वारांना मातीवर तोल सांभाळायला शिकवले. महाराष्ट्रात नाशिक आणि पुणे ही या खेळाची जुनी केंद्रे. 28 जानेवारी 2024 रोजी पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगच्या पहिल्या हंगामाची पहिली फेरी झाली, तेव्हा परदेशी स्वारांच्या हाताखाली जपानी गाड्याही होत्या.

गाडीचे वय कसे ओळखायचे

विकणारा सांगेल ते साल मानू नका. गाडी स्वतःच आपले वय सांगते. पुढच्या खुणा पाहा.

मागे दोन शॉकअप असतील तर गाडी बहुधा सत्तरच्या दशकातली. टाकीखाली आडवा एकच शॉकअप असेल तर ती यामाहा, साधारण 1975 पासूनची. स्विंगआर्म आणि शॉकअप यांच्यामध्ये सांधे जोडलेली लिंक असेल तर 1980 किंवा त्यानंतरची. कावासाकीने 1980 मध्ये युनि-ट्रॅक आणली, होंडाची प्रो-लिंक आणि सुझुकीची फुल फ्लोटर 1981 मध्ये आली. 125 सीसीच्या इंजिनाला रेडिएटर असेल तर गाडी 1981 किंवा त्यानंतरची. पुढे डिस्क ब्रेक आहे? मग 1982 च्या आधीची असणे कठीण. कावासाकीच्या केएक्सवर त्या साली तो पहिल्यांदा दिसला. मागेही डिस्क असेल तर ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध धरा.

एखादी खूण वेगळे साल सांगत असेल तर दोन गाड्यांची मिळून एक केलेली असू शकते. शर्यतीत असे होते, आणि तो दोषच मानायचा असे नाही. पण ते विकणाऱ्याने आपणहून सांगितले पाहिजे आणि किमतीत दिसले पाहिजे.

पैसे देण्याआधी

गाडी दिवसाउजेडी पाहा. धुतलेली नको, धुळीसकट पाहा. सोबत टॉर्च, लोहचुंबक आणि एक जाणता टू-स्ट्रोक मेकॅनिक असावा.

आधी चासी. शर्यतीच्या गाडीची चासी चार जागी तडकते: हँडलच्या मानेजवळ, इंजिनाच्या माउंटिंगला, फूटरेस्टच्या कानांपाशी आणि स्विंगआर्मच्या पिनेभोवती. जुने वेल्डिंग दिसले म्हणून लगेच नाक मुरडू नका. ते सरळ, भरीव आणि उघडे असेल तर ठीक. त्यावर पुट्टी लावून रंग मारला असेल तर सावध व्हा. लोहचुंबक पुट्टीवर चिकटत नाही.

मग नंबर. चासीचा नंबर मानेवर असतो, इंजिनाचा क्रँककेसवर. अंगठा फिरवून पाहा. आजूबाजूचा धातू खोलगट लागत असेल, त्यावर ग्राइंडरचे ओरखडे असतील किंवा आकडे एका रेषेत नसतील, तर गाडी कितीही आवडली तरी परत फिरा. होंडात चासीवर मॉडेलचे नाव आणि इंजिनावर त्याच नावापुढे ‘ई’ अक्षर येते. आरएक्स 100 मध्ये नंबरची सुरुवात ‘1एल1’ ने होते.

आता इंजिन. जोरात किक न मारता, हाताने किकर हळू दाबा. दाब एकसारखा चढत गेला पाहिजे. फ्लायव्हील हाताने वरखाली हलवून बघा. खेळ जाणवला तर क्रँकचे बेअरिंग गेले असे धरून चाला. सिलिंडरच्या फिन मोजा, तुटलेल्या फिन नव्याने मिळत नाहीत. उजव्या-डाव्या कव्हरांवर बुटाने घासून गुळगुळीत झालेला पट्टा असतो, फूटरेस्टचे दात आतल्या बाजूने झिजलेले असतात, गिअर लिव्हरच्या टोकावरचा रंग उडालेला असतो. या खुणा खऱ्या. शर्यतीची गाडी म्हणून सांगतात आणि कव्हर कोरे करकरीत आहे, तर ते कव्हर कधी बदलले, हे विचारा.

शेवटी सुट्या वस्तू. सीट काढून टाकीखालचा भाग पाहा. ऊन न लागलेला मूळ रंग तिथेच सापडतो. एअरबॉक्स, मूळ एक्स्पान्शन चेंबर, कार्बोरेटर, हब आणि रिम हे भाग मिळवणे सगळ्यात अवघड. पिस्टन-रिंग बनवून घेता येतात, एअरबॉक्स मिळत नाही. म्हणून चालू पण अर्धवट गाडीपेक्षा बंद पण पूर्ण गाडी केव्हाही चांगली.

कागदांचा प्रश्न

इथे भावनेला थारा नको. मोटोक्रॉस गाडी रस्त्यासाठी बनलेलीच नाही, त्यामुळे तिला आरसी बुक नसणे स्वाभाविक आहे. पण ती भारतात आली कशी, याचा कागद हवाच. आयात झालेल्या गाडीचे कस्टमचे बिल ऑफ एंट्री मागा. ते नसेल तर ती गाडी कधीही जप्त होऊ शकते. परदेशी प्रवासी कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या परवान्यावर, गाड्या आणतात. त्या परत नेणे बंधनकारक असते, त्यामुळे इथे परस्पर विकलेली अशी गाडी घेऊ नका. विक्रीचा करार स्टॅम्प पेपरवर करा, त्यात दोन्ही नंबर लिहा आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जोडा.

पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपातल्या दुचाकींसाठी केंद्राने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. नव्या नोंदणीची फी 20 हजार रुपये, पुनर्नोंदणीची 5 हजार. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापरासाठी नाही. दिवे असलेल्या जुन्या ट्रेल गाडीला याचा उपयोग होऊ शकतो. शुद्ध मोटोक्रॉससाठी मात्र हा मार्ग गृहीत धरू नका. तिची ने-आण टेम्पोतूनच करा.

आरएक्स 100 सारखी नोंदणी असलेली गाडी घेत असाल तर ‘एमपरिवहन’ ॲपवर नंबर टाकून नोंदणीची मुदत, विमा, बँकेचा बोजा आणि चलने तपासा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, पर्यावरण कर, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट हे सगळे लागते. नागपुरात एमएच 31, 40 आणि 49 अशी वेगवेगळी कार्यालये आहेत. आपला पत्ता कुठल्या कार्यालयात मोडतो ते आधी विचारा आणि मगच एनओसीचा अर्ज करा.

एक इशारा. नोंदणी असलेल्या गाडीचे दिवे काढून, चासी कापून, सायलेन्सर बदलून ती रस्त्यावर चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा भंग आहे. प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे, एक चांगली जुनी आरएक्स कायमची हातची जाते.

दुरुस्ती: हात लावण्याआधी

गाडी घरी आली की पाना उचलू नका, मोबाइल उचला. चहूबाजूंनी, खालून, वरून फोटो काढा. केबल कुठून जाते, कुठल्या बोल्टला वॉशर आहे, स्टिकर कुठे अर्धवट उरले आहे, सगळे टिपा. स्पर्धेपूर्वीच्या तपासणीचे जुने स्टिकर, हाताने रंगवलेला स्पर्धा-क्रमांक, एखाद्या दुकानाचे नाव, हे खरवडू नका. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ कापड पुरे.

पावडर कोटिंगचा मोह पहिल्या दिवसापासून आवरा. सँडब्लास्टिंगमध्ये गंज जातो, तसे नंबरचे आकडेही बोथट होतात आणि मूळ रंग कायमचा जातो. जिथे गंजाने धातू खाल्ला आहे तिथेच काम करा. काढलेला प्रत्येक भाग, मोडका असला तरी, चिठ्ठी लावून पेटीत ठेवा. भंगारात एकही देऊ नका. पुढच्या माणसाला माप घ्यायला तोच लागेल.

इंजिनात मात्र हयगय नको. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या टू-स्ट्रोकची क्रँकची ऑइल सील कडक झालेली असतात. ती बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. सीलमधून बाहेरची हवा आत गेली की मिश्रण पातळ होते आणि पिस्टन जाम होतो. सिलिंडर मोजून घ्या. शक्य तितका लहान ओव्हरसाइझ पिस्टन घ्या, म्हणजे पुढच्या बोअरिंगला जागा उरते. लेथवाल्याला पिस्टन आधी द्या आणि पिस्टन मोजूनच बोअर करायला सांगा.

ऑइल, पेट्रोल आणि नागपूरची हवा

आरएक्स 100 ला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो, म्हणून तिच्या टाकीत नुसते पेट्रोल भरायची सवय आपल्याला आहे. मोटोक्रॉसला सहसा पंप नसतो. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच भरावे लागते. नुसत्या पेट्रोलवर ती काही मिनिटांत जाम होईल. सत्तरच्या दशकात 20 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल असे प्रमाण सांगत, कारण तेव्हाचे ऑइल तसे होते. आजच्या चांगल्या सिंथेटिक टू-टी ऑइलला 32 ला 1 हे प्रमाण सुरक्षित आहे: एका लिटरला 31 मिलि, पाच लिटरला 156 मिलि. डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नका, मापाचे भांडे ठेवा. मिश्रण स्वच्छ डब्यात करा, हलवा, मग टाकीत भरा.

पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ पडते. मेन जेट एक-दोन आकड्यांनी मोठा लागू शकतो. इथेनॉल पाणी शोषते, जुने रबर फुगवते आणि फायबरच्या टाकीचा थर सोडवते. म्हणून गाडी चालवून झाली की टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. फायबरची जुनी टाकी भिंतीवर जपा आणि चालवायला दुसरी वापरा.

नागपूरकरांना आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. मे महिन्याच्या दुपारची 45 अंशांची हवा डिसेंबरच्या पहाटेच्या 12 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 10 टक्के विरळ असते. उन्हाळ्यात बसवलेला जेट हिवाळ्याच्या गार, दाट हवेत लहान पडतो. त्यामुळे पिस्टन जाम होण्याचा धोका थंडीच्या सकाळी जास्त असतो, हे लक्षात ठेवा. ऋतू बदलला की पूर्ण थ्रॉटलवर थोडे अंतर चालवून, थ्रॉटल न सोडता इंजिन बंद करा आणि प्लग काढून पाहा. प्लगचे चिनीमातीचे टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर ठीक. पांढरे दिसले तर जेट वाढवा, काळे आणि ओले दिसले तर कमी करा. उन्हाळ्यात वेगळी काळजी: एअर-कूल्ड इंजिन उभ्याउभ्या तापवू नका, दहा-पंधरा मिनिटांनी सावलीत विश्रांती द्या.

आपल्याकडची धूळ हा तिसरा शत्रू. फोमचा एअर फिल्टर प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल चोळा आणि पिळून बसवा. कोरडा फोम धूळ अडवत नाही.

चालवायची कुठे

जरीपटका रिंग रोड किंवा कोराडी रोड ही या गाडीची जागा नाही. गोरेवाड्याच्या जंगलाकडे किंवा तलावांच्या काठी गाडी घालणे तर गुन्हा ठरू शकते आणि निसर्गाचेही नुकसान आहे. खासगी जमीन, मालकाची लेखी परवानगी आणि सोबत दुसरा माणूस, या तीन गोष्टी जमल्या तरच गाडी सुरू करा. काळ्या मातीत पावसाळ्यात चाक रुतते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात पुढचे चाक अडकते. मुरमाड जमीन बरी. फुल-फेस हेल्मेट, गॉगल, उंच बूट, गुडघ्याचे पॅड याशिवाय किक मारू नका. जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक आजच्या डिस्कसारखे चावत नाहीत, थांबायला जास्त अंतर धरा. स्पर्धेत उतरायचे असेल तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआयचा परवाना घेऊन अधिकृत स्पर्धेतच उतरा.

गाडीची वही

सगळ्यात शेवटचे काम, पण ते पहिल्याच दिवशी सुरू करायचे. गाडीसाठी एक वही घाला. कोणाकडून आली, त्याआधी कोणाकडे होती, कोणत्या मैदानावर धावली, कोणत्या मेकॅनिकने इंजिन बांधले, सगळे लिहा. जुन्या स्वारांना आणि मेकॅनिकना भेटा, त्यांच्या घरातले फोटो, प्रमाणपत्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे मोबाइलवर उतरवून घ्या आणि मूळ वस्तू त्यांना परत द्या. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच नोंदवा, पुरावा मिळाला की तारीख घाला. बदललेला प्रत्येक भाग, त्याचे माप आणि दिवस लिहा. सत्तर-ऐंशीच्या दशकात मातीत उतरलेली पिढी आता उतारवयात आहे आणि आपल्याकडे त्यांच्या शर्यतींची नोंद फारशी कुणी ठेवलेली नाही. पिस्टन जगात कुठूनतरी मागवता येईल. त्या माणसांकडून आज न विचारलेली गोष्ट उद्या कुठेही मिळणार नाही, म्हणून गाडीआधी त्यांच्याकडे जा.